आघात आणि आस

टेंभुर्णीहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर करकंब लागतं. आषाढीच्या आधी पैठणची एकनाथ महाराजांची पालखी सावता माळ्यांच्या अरणवरून इथे येते, त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखीही येते. वारीच्या वाटेवरच्या अशा गावातल्या कानाला मोकळ्या तारेचे दोन आवाज सवयीचे असतात. एक बोटाने छेडलेला: विणेकऱ्याच्या गळ्यातल्या वीणेचा, एकतारीचा. दुसरा काडीने काढलेला: गोंधळ्यांच्या तुणतुण्याचा, यल्लम्माच्या जोगत्यांच्या चौंडक्याचा. या दोन्ही आवाजांत पडद्याला काही काम नाही. उजव्या हाताने तारेला कसं उठवलं, त्यावर सगळं ठरतं.

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक वाद जगभर चालतो. पडदे काढून टाकलेला, म्हणजे फ्रेटलेस बेस बोटांनी वाजवावा की पिकने, म्हणजे आपल्या भाषेत नखीने? बहुतेकांचा कल बोटांकडे असतो. नखी म्हणजे त्या मऊ आवाजावर अत्याचार, इतकं टोकाचं बोललं जातं. हा वाद आपल्या वाद्यांच्या कानाने ऐकला तर फार रसाळ होतो, कारण त्यातला प्रत्येक मुद्दा आपल्याकडच्या कुणीतरी वादकाने आपल्या बोटांत केव्हाच मुरवलेला आहे.

आधी पडदा गेल्याने काय घडतं ते नीट ऐकू. पडदे असलेल्या बेसवर बोट पडद्याच्या मागे पडतं आणि तार धातूच्या धारेवर टेकते. ती धार टणक असते, त्यामुळे स्वर कडक निघतो, लख्ख राहतो. पडदे नसले की तार आणि लाकूड यांच्यामध्ये फक्त बोटाचं मांस. मांस मऊ, ते वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेले उंच नाद, लवकर गिळतं. म्हणून फ्रेटलेसचा स्वर मुळातच गोल आणि थोडा सावळा असतो. पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. तार लाकडाच्या पट्टीला इतकी जवळून समांतर जाते की कंप पावताना ती पट्टीला अगदी ओझरती घासत राहते. या घासण्यातून वरचे स्वरांश पुन्हा जन्माला येतात, आणि तेही आघाताच्या क्षणी नाही, किंचित उशिरा. स्वर आधी बंद ओठांनी उमटल्यासारखा येतो, मग उघडतो. पाश्चात्त्य वादक या उमलण्याला तोंडाने ‘म्वाऽ’ असा आवाज काढून दाखवतात. आपल्याला तोंड वेडंवाकडं करायची गरज नाही. ही जवारी आहे.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाटसर, किंचित उतरता असतो. त्यावरून जाणारी तार सुटताना त्या उताराला घासते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या दोऱ्याने ती घसट कुठे सुरू व्हावी हे नेमकं ठरवता येतं. दोरा केसभर हलला तरी आवाज बंद होतो किंवा उघडतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात तंबोरा आणि वीणेच्या घोडीचं हे वैशिष्ट्य मांडलं. साध्या तारेचा नियम असा, की तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू पडतो तो स्वरांश निघत नाही. या वाद्यांत मात्र तोही ठळक ऐकू येतो. म्हणजे छेडणाऱ्या बोटाने जे दिलं नाही ते घोडी देते. फ्रेटलेस बेसमध्ये हीच घोडी जणू हातभर लांब करून मानेवर अंथरलेली असते. डावं बोट जिथे पडेल तिथून पुढे जवारी सुरू होते आणि बोट सरकलं की तीही सरकते. एवढी गोष्ट कानात बसली की फ्रेटलेसचं निम्मं सौंदर्य हाती आलं.

आता बोट. तंबोरा छेडणारा चांगला हात पाहण्यासारखा असतो. पहिली पंचमाची तार मधल्या बोटाने, जोडाच्या दोन आणि खर्जाची पितळी तार तर्जनीने. बोट तारेवर जवळजवळ आडवं टेकतं, पेराचा मांसल भाग तारेच्या कडेने सरकतो आणि तार त्याच्यावरून निसटते. तारेला ओढलेलं दिसत नाही, सोडलेलं दिसतं. या सोडण्यात भौतिक कारणही दडलं आहे. मांसल बोटाची रुंदी मोठी असल्याने तारेला टोकदार कोपरा पडत नाही, आणि कोपरा जितका बोथट तितके वरचे स्वरांश आघातात कमी. आघात असा जवळपास रिकामा ठेवला की मागून घोडीतून उमलणाऱ्या जवारीला सगळी जागा मिळते. तंबोऱ्याला कुणी नखी लावत नाही त्याचं कारण हेच. चांगल्या तंबोऱ्यात तार कधी छेडली गेली ते कळूच नये, फक्त स्वर असावा. मिरजेच्या कारागिरांनी दीडशेहून अधिक वर्षं ज्या आवाजासाठी हात झिजवले तो हा, आणि तो घुमवणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांत पिकतात, याचा या भागातल्या माणसाला अभिमान वाटायला हवा.

याच बोटाचं आधुनिक शिखर म्हणजे बेसवादक जॅको पास्टोरियस. फ्रेटलेसचा जन्म त्याच्या आधीचा. बेसवादक बिल वायमनने १९६१ साली आपल्या जुन्या बेसचे पडदे उपटले, अँपेग कंपनीने १९६६ मध्ये पडद्याविना बेस बाजारात आणला, फेंडरने १९७० मध्ये. पण १९७६ साली आपल्या नावाच्या पहिल्या तबकडीत जॅकोने ‘डॉना ली’ वाजवली आणि हे वाद्य काय बोलू शकतं ते लोकांना कळलं. चार्ली पार्करच्या काळातली, सॅक्सोफोनसाठी घडलेली वेडीवाकडी, धावती धून. सोबतीला फक्त डॉन अलायस यांचे कोंगा ढोल. पडदे काढलेला १९६२चा फेंडर जॅझ बेस, पट्टीवर बोटीला लावतात तसल्या इपॉक्सीचा टणक थर, आणि त्यावर गोल वेटोळ्याच्या खरखरीत तारा.

या वादनातली एक बारीक गोष्ट सहज निसटते. जॅकोचा उजवा हात मानेकडे नाही, पार मागे, घोडीजवळच्या पिकअपवर आहे. तार टोकाजवळ छेडली की वरचे स्वरांश जास्त उठतात. म्हणजे नखीने जी धार आली असती ती त्याने जागा बदलून मिळवली, आणि आघात मात्र मांसाचाच ठेवला. त्यावर इपॉक्सीच्या टणक थराने आणि खरखरीत तारांनी जवारी आणखी उघडली. तीन वेगळ्या ठिकाणांहून चमक गोळा करायची आणि बोटाला मऊच राहू द्यायचं, ही योजना मला त्याच्या वेगापेक्षा अधिक थक्क करते.

बोटाची दुसरी देणगी लोक फारशी मोजत नाहीत. बोट तार छेडण्याआधी तारेवर टेकतं, आणि टेकताना आधीचा स्वर थांबवतं. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालली की प्रत्येक स्वराला आरंभाबरोबर शेवटही मिळतो. दोन स्वरांमधली शांतता मोजून कापता येते. ‘डॉना ली’च्या जलद ओळी धूसर होत नाहीत त्या यामुळे. नखीचा तारेशी स्पर्श क्षणाचा असतो. तिने वाजवणाऱ्याला स्वर बंद करायला डावा हात उचलावा लागतो किंवा तळव्याची कड घोडीजवळ तारांवर टेकवावी लागते. स्वर सुरू करणं दोघांनाही येतं. तो संपवण्याचा नेमकेपणा बोटाकडे उपजत आहे.

मग काडीचं काय? इथे मी चौंडक्यापाशी थांबतो, कारण या वाद्याचं कौतुक कमी झालं आहे. लाकडी पिंपासारखं अंग, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मध्यातून निघालेली तार आणि तिचं दुसरं टोक डाव्या मुठीत. पिंप काखेत दाबून जोगती मूठ ओढतो आणि सोडतो, तसा तारेचा ताण बदलतो आणि स्वर वर चढतो, खाली ढळतो. उजव्या हातात काडी. पडदा तर नाहीच, पट्टीसुद्धा नाही. स्वर फक्त मुठीच्या ओढीत. आवाज खालच्या पट्टीचा, घुमारदार. फ्रेटलेस बेस नखीने वाजवला तर कसा वाटेल, हा प्रश्न पडणाऱ्याने सौंदत्तीच्या वाटेवरचं किंवा सोलापूर-कोल्हापूरकडच्या एखाद्या जत्रेतलं चौंडकं ऐकावं.

त्यात ऐकायची जागा सांगतो. काडीचा टोला कोरडा आणि नेमका असतो, त्या क्षणी स्वर एका जागी पक्का. मूठ वळते ती त्याच्या नंतर. म्हणजे मींड, स्वरावरून स्वरावर सरकत जाणं, आघातात नसते; आघाताच्या पाठी उरलेल्या आसेत, रेंगाळणाऱ्या नादात असते. टोला ताल सांगतो आणि आस सूर वळवते. एकाच तारेवर दोन कामांची अशी स्वच्छ वाटणी असते. बोटाने छेडलं असतं तर आरंभ मऊ झाला असता, मूठ कधी वळायला लागली ते कळलं नसतं, आणि वळणाचं सारं नाट्य विरघळलं असतं. काडी व्यंजन देते म्हणून पुढचा स्वर स्वर वाटतो. तारेचं टोक कातड्याला बांधलेलं असल्याने प्रत्येक टोल्याला तारेबरोबर एक ठोकाही निघतो, तो निराळाच. जागरात हे वाद्य माणसांना नाचतं ठेवतं ते या ठोक्यावर.

तुणतुण्याची काडी याहून वेगळ्या कामाला लावलेली असते. तुणतुण्याची तार उंच बोलते, तिच्यात बेसचा गाभा नाही, आणि तिचा स्वर खुंटीने एकदा लावला की तिथेच राहतो. तरी शाहिरी मेळात तिचं स्थान पाहा. डफाचा आवाज रुंद, बोथट, खोल. शाहिराचा आवाज फेकलेला, मध्ये ढगासारखा फुगणारा. या दोघांच्या मध्ये लयीची बारीक टोकं कोण दाखवणार? तुणतुण्याची काडी. ती प्रत्येक मात्रा सुईसारखी टोचते, डफाला चुकूनही न झाकता. बार्शीचे अमर शेख यांच्यासारखा शाहीर हजारोंच्या सभेत शब्द फेकत असे तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत सुराचा आधार पोहोचवणं हे बोटाच्या मऊ स्पर्शाचं काम नव्हतंच.

वीणेकडे वळलो की उलट हिशोब दिसतो. वारकरी भजनात डझनावारी टाळ असतात. टाळाइतका तीक्ष्ण आरंभ कुठल्याच तारेला जमणार नाही. पखवाज खालचा भरीवपणा सांभाळतो. धार आधीच भरपूर असते. उरते ती अखंडता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलतो तेव्हा ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि नवी तर्जनी तेच छेडणं पुढे चालू ठेवते. तिच्या नादाला आरंभही ऐकू येऊ नये आणि शेवटही. तिथे काडी आणली तर टाळांच्या गर्दीत आणखी एक टोचणी तेवढी वाढेल.

माझ्या मते बोट की नखी या प्रश्नाची खरी किल्ली इथे आहे. लोक हा प्रश्न वाद्याला विचारतात. तो मेळाला विचारायला हवा. बाकीच्यांनी काय सोडून ठेवलं आहे? ‘डॉना ली’त कोंगांचे कोरडे ठोके प्रत्येक मात्रेला धार देत असतात, म्हणून जॅकोचं बोट निर्धास्त मऊ राहू शकतं. डफाशेजारी तुणतुण्याला ती सोय नाही. चौंडकं तर स्वतःच ढोल आणि स्वतःच तार.

पडदा नसलेल्या वाद्याला नखी शोभत नाही, हे म्हणणं सरोद ऐकलेल्या माणसाला पटणं कठीण. सरोदची पट्टी धातूची, गुळगुळीत, बिनपडद्याची. उजव्या हातात नारळाच्या करवंटीची जवा. पिढ्यान्‌पिढ्या उत्तमोत्तम संगीत या जोडीने दिलं आहे. पण सरोदियाचा डावा हात पाहा. अमजद अली खाँ तार नखाच्या कडेने दाबतात. उजवीकडे करवंटीचा टणकपणा असेल तर डावीकडेही टणकपणा हवा, नाहीतर खणखणीत आघात होतो आणि त्यामागचा स्वर मांसात बुजतो. पातळ नखीने वाजवलेला फ्रेटलेस बेस अनेकदा फिका वाटतो तो याच कारणाने: टकटक मोठी, आस छोटी. दोष नखीचा नसतो, दोन हातांनी एकमेकांना न विचारल्याचा असतो. जाणकार वादक मग जाड, गोल कोपऱ्याची नखी घेतो, ती तारेला सपाट लावतो आणि हात मानेकडे नेतो. जॅकोने मऊ बोट घोडीकडे नेलं, हा टणक नखी मानेकडे नेतो. दोघे विरुद्ध दिशांनी येऊन एकाच मधल्या जागी भेटतात. नखी थोडी तिरपी झाली की वेटोळ्याच्या तारेवर खरखर उमटते. ती हवी तेव्हाच आणता येणं ही मनगटाची खरी तालीम.

पनवेलजवळच्या पळस्पे गावात ज्यांच्या ध्रुपदाचं गुरुकुल उभं राहिलं त्या झिया मोहिउद्दीन डागर यांनी हाच प्रश्न रुद्रवीणेवर सोडवला. रुद्रवीणेला पडदे आहेत, पण आलापाचा जीव तार ओढून काढलेल्या मींडेत असतो. बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, परंपरेने तारेची नखी वापरत आले. खाँसाहेबांनी वीणेचे भोपळे मोठे करवले, तारा जाड केल्या, आवाज खाली नेला आणि नखी काढून ठेवली. या चार गोष्टी एकाच निर्णयाच्या आहेत. जाड तार खाली बोलते, तिची आस लांब चालते, मोठा भोपळा ती आस धरून ठेवतो. मग तिच्या तोंडाशी खणकणारी नखी कशाला? त्यांच्या आलापात एक आघात होतो आणि त्याच्या आसेवर चार-पाच स्वरांचं वळण सावकाश पुरं होतं. आघात इतका कमी असतो की कान त्याला विसरतो आणि वळणावर स्वार होतो. मणी कौल यांच्या ‘ध्रुपद’ या चित्रपटात हा हात पाहायला मिळतो. आवाज बंद करून नुसतं बोट पाहिलं तरी शिकायला मिळेल.

एक शेवटची सूक्ष्म गोष्ट, ती वाजवणाऱ्यांना अधिक कळेल. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा हेलकावते. एक हेलकावा पुरा व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद. इतक्या सावकाश तारेचा स्वर ओळखायला कान वरच्या स्वरांशांचा आधार घेतो. नखी ते स्वरांश पहिल्याच क्षणी हातावर ठेवते, म्हणून नखीच्या आघाताचा स्वर तत्क्षणी कळतो. आणि तो किंचित बेसूर असेल तर तेही तत्क्षणी कळतं. बोटाचा आरंभ धूसर असतो; त्या धूसरतेत डावं बोट राईएवढं सरकून स्वराच्या नेमक्या जागी पोहोचू शकतं आणि ऐकणाऱ्याला ते लालित्य वाटतं. म्हणून पडदे नसलेल्या बेसवर नखीने सुरेल वाजवणाऱ्याबद्दल मला विशेष आदर आहे. त्याने लपायची जागा स्वतःहून सोडलेली असते.

माझा कौल असा. संथ चाल असेल, सोबत धार देणारं दुसरं वाद्य असेल आणि सांगायचं ते आसेत असेल, तर बोट. तेही तंबोऱ्यावर काही महिने घासून तयार झालेलं. शब्दाला ठोका हवा असेल, मेळ विरळ किंवा बोथट असेल, तर नखी. जाड, आणि डाव्या हाताची जागा पक्की झाल्यावरच. सोलापूर जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये मोबाइलवर चौंडकं टिपणाऱ्या तरुणांना एक विनंती: फोन झांजांच्या घोळक्यापासून दूर, काखेतल्या कातड्याच्या बाजूला धरा, आणि आवाज ‘साफ’ करणारी सोय बंद ठेवा. ती सोय काडीचा कोरडा टोलाच आधी पुसते.